फायबरच्या गाडीचा शनिवार

शशिकांत आठल्ये यांनी गाडी विकायला काढली, तेव्हा जाहिरातीचं पहिलंच वाक्य त्यांनी असं लिहिलं : 'ही गाडी १९३२ सालची नाही.' दुसरं वाक्य : 'ती तशी दिसते, हा पाहणाऱ्याचा भ्रम आहे.' बॉडी पत्र्याची नसून फायबरग्लासची असल्याचा खुलासा तिसऱ्यात होता. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग हे सगळं एका साध्यासुध्या जपानी गाडीतून काढून खाली बसवलेलं आहे, ही कबुली चौथ्यात. मग 'छप्पर नाही, पाऊस आल्यास भिजावे लागते' अशी सूचना, आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'नुसते फोटो काढायला येणाऱ्यांनी आधी फोन करावा.'

हे अर्थातच इंग्रजीत होतं, पण ते इंग्रजी सदाशिव पेठेत वाढलेलं होतं. गिऱ्हाईकाचा उत्साह आधी मोडून बघावा, त्यातूनही थोडा उरला तर मग माल दाखवावा, हे शिक्षण पुण्यात लहानपणीच दुकानाच्या फळीशी उभं राहून मिळतं. ते न्यूझीलंडातल्या पामर्स्टन नॉर्थमध्ये चालेल की नाही, असा विचार शशिकांतांनी केला नाही. दूध पावडर पाण्यात गुठळी न होता कशी विरघळावी या एका प्रश्नावर त्यांनी इथल्या संशोधन संस्थेत आयुष्य काढलं होतं, आणि रिपोर्टात दोष लपवायचे नसतात हे त्यांचं ठाम मत होतं.

आता अशी ही हॉट रॉड नावाची वस्तू, म्हणजे जुन्या फोर्डसारखी दिसणारी, लांब बॉनेटची, दोघांपुरती जागा असलेली आणि चालू केली की अख्ख्या गल्लीला वर्दी देणारी पिवळी धमक गाडी, शशिकांतांसारख्या माणसाकडे आलीच कशी? ते लॉनमोअर बघायला गेले होते. त्याहून चांगलं उत्तर त्यांना कधी देता आलं नाही. लॉनमोअरच्या शेजारी ही उभी होती, आणि विकणारा म्हातारा गप्पिष्ट होता. त्या महिन्यात शशिकांतांशी इतका वेळ बोललेला तो पहिलाच माणूस. लॉनमोअर तिथेच राहिला.

कारण घरात बोलायला कोणी नव्हतं. मृदुला, म्हणजे त्यांची बायको, मुलीच्या बाळंतपणासाठी ऑकलंडला बॉटनी डाउन्सला गेली होती, ती तीन महिन्यांसाठी. ते तीन महिने संपायचं नाव घेत नव्हते. नातू आरव रांगायला लागला, चालायला लागला, डे-केअरला जाऊन 'नो' म्हणायला शिकला, तरी ते चालूच होते. त्याच सुमारास शशिकांत रिटायर झाले. घरात आवाज करणारं एकच उरलं, ते वॉशिंग मशीन. धुणं झालं की ते एक छोटंसं गाणं वाजवायचं. सुरुवातीला शशिकांतांना ते गाणं बालिश वाटे. पुढेपुढे ते वाजलं की ते आतल्या खोलीतून 'हो, आलो' म्हणायला लागले.

"बाबा, जस्ट सेल इट," सिद्धी फोनवर म्हणाली. "आमच्याकडे एकच कारपार्क आहे. घर भाड्याने द्या आणि इकडे या. तुम्ही तिथे एकटे काय करताय?"

"गाडी विकली की येतो," शशिकांत म्हणाले.

"आई, ऐकलंस? गाडी विकली की येणार म्हणतायत."

"बरं," लांबून मृदुलाचा आवाज आला. आठल्यांच्या संसारात आजवर सगळे मोठे निर्णय या 'बरं'वर झाले होते. त्यात आनंद होता, राग होता की नुसती पोळी उलटायची घाई होती, हे शशिकांतांनी कधी विचारलं नव्हतं. याही वेळी विचारलं नाही.

जाहिरात लागायच्या आधी गाडीला नवं वॉरंट हवं होतं, म्हणजे ती रस्त्यावर आणायला सुरक्षित असल्याचा दाखला. तपासणी केंद्रातल्या तरुण बाईने गाडीभोवती एक फेरी मारली आणि संगणकाकडे गेली. संगणक म्हणाला, गाडी अलीकडची आहे. डोळे म्हणाले, आजोबांच्या काळची आहे. अशा हाताने बांधलेल्या गाडीवर मंजुरीची एक छोटी धातूची पाटी असावी लागते, ती कुठेय, असं तिने विचारलं. शशिकांतांनी बॉनेट उघडलं, सीट उचलली, गाडीखाली आडवे झाले आणि नव्या पँटला ग्रीस लावून वर आले. पाटी अखेर डॅशबोर्डवर निघाली, गणपतीच्या मागे. मराठी मंडळाच्या पुरुषोत्तम दामल्यांनी गाडी आल्या आल्या स्वतःच्या हाताने तो गणपती तिथे चिकटवला होता, आणि चिकटवण्याच्या कामात दामले कधी हयगय करत नाहीत. त्या बाईने 'सॉरी, मेट' असं थेट गणपतीला म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने त्याला हळूच सोडवलं. शशिकांत नास्तिक होते, पण हे त्यांना फार आवडलं. घरी येऊन कोणाला तरी सांगावं असं वाटलं. मशीन लावलेलं नव्हतं.

जाहिरात लागली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचा ट्रेव्हर कुंपणावरून म्हणाला, "शशी, फायबरग्लास म्हणायचं नाही. नुसतं 'ग्लास' म्हणायचं. आम्ही सगळे तसंच म्हणतो." ट्रेव्हरकडे आयुष्यात हॉट रॉड नव्हती, पण या देशात प्रत्येकाच्या एखाद्या काकाकडे ती असतेच. दामल्यांनी किंमत वाढवायला सांगितलं, म्हणजे माल अस्सल वाटतो. दामलेवहिनींनी कमी करायला सांगितलं, म्हणजे लवकर जाते. 'नाहीतरी प्लास्टिकचीच आहे' असंही त्या म्हणाल्या. प्लास्टिक हा शब्द शशिकांतांना लागला. तीन-चार दिवस ते मनातल्या मनात दामलेवहिनींना काचतंतू आणि रेझिन यांतला फरक समजावत होते.

आणि मग शनिवार उजाडला.

सकाळीच दारात दोन गाड्या. मग आणखी एक. त्या जाहिरातीचा फोटो हॉट रॉडवाल्यांच्या ग्रुपात फिरला होता. 'न्यूझीलंडमधली सर्वांत खरं बोलणारी जाहिरात' म्हणून लोक ती एकमेकांना पाठवत होते. गाडी घ्यायला फारसं कोणी आलं नव्हतं. ती जाहिरात लिहिणारा माणूस कसा दिसतो हे बघायला आले होते. वांगानुईहून एक जोडपं होतं, लेव्हिनचे दोघे भाऊ होते, आणि जँडल, म्हणजे रबरी चपला घातलेला एक दाढीवाला. हे शेवटचे गृहस्थ पत्र्याच्या अस्सल गाड्यांचे अभिमानी. त्यांनी बॉनेटवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि तोंड वाकडं केलं.

"जाहिरातीत लिहिलेलं आहे," शशिकांत ताठ मानेने म्हणाले.

"वाचलं. मला वाटलं, तू गंमत करतोयस."

शशिकांतांनी त्यालाही चहा दिला. सगळ्यांनाच दिला. माणूस दारात आला आणि बिनचहाचा गेला, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. आल्याचा वास आला तसे पाहुणे गॅरेजमधून ओट्यापर्यंत आत आले. लेव्हिनच्या भावांपैकी थोरल्याने आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकिकत सांगितली. वांगानुईच्या बाईंनी भिंतीवरचा सिद्धीचा शाळेतला फोटो बघून 'किती गोड' म्हटलं. संध्याकाळी सगळे गेले, गाडी गॅरेजमध्येच राहिली, आणि कपांचा ढीग विसळताना शशिकांतांच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय.

पुढच्या शनिवारी त्यांनी पोहे केले. त्याच्या पुढच्या शनिवारी आधीच कोथिंबीर आणून ठेवली.

रात्री फोनवर मृदुला विचारायची, "आलं होतं का कोणी?"

"खूप."

"विकली?"

"छे. नुसतेच बघे."

"बरं."

आता इथे खोटं काही नव्हतं, पण अर्धं सांगून अर्धं ठेवण्याची कला शशिकांत नव्याने शिकत होते. कोणी खरोखर किंमत विचारायला लागला की ते त्याला बाजूला घेऊन, जाहिरातीत जागेअभावी राहून गेलेले दोष सांगत. डाव्या दाराला जरा जोर लागतो. पेट्रोलचा काटा मनाला येईल ते दाखवतो. ताशी ऐंशीच्या वर वारा नाकात जातो. गिऱ्हाईक विचारात पडे, आणखी एक चहा घेई आणि निघून जाई. शशिकांत त्याला फाटकापर्यंत पोचवायला जात आणि तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवत.

मग मर्व आला.

मर्व जवळच्या फील्डिंग गावचा. डेअरीचा मोठा टँकर चालवायचा. शांत, जाडजूड, शॉर्ट्समधला माणूस. त्याने सगळे दोष ऐकून घेतले. दाराला जोर लावून बघितला. काट्याकडे बघून हसला. गाडीतून एक चक्कर मारून आला, नाकात वारा गेला, ते रुमालाने पुसलं आणि म्हणाला, "आय'ल टेक हर."

 शशिकांतांना एकदम पुढचे सगळे शनिवार दिसले. स्वच्छ, रिकामे, एक कप विसळायचा. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून आलं ते असं :

"आज नाही विकता येणार. आज शनिवार आहे."

"सो?"

"आमच्यात शनिवारी लोखंड घेत नाहीत. घेणाऱ्याला शनीचा त्रास होतो. मला तुझं वाईट व्हायला नकोय."

या वाक्याचं वजन कळायला शशिकांतांचा इतिहास माहीत हवा. 'शनिवारी लोखंड आणू नये, तेल आणू नये' हे मृदुलाचं आयुष्यभराचं पालुपद. त्यावर आयुष्यभर हसणारे हेच गृहस्थ. एकदा तिला खोटं पाडायला त्यांनी मुद्दाम शनिवारी लोखंडी तवा आणला होता. येताना सायकल पंक्चर झाली, तेव्हा 'हा निव्वळ योगायोग आहे' यावर घामाघूम होऊन त्यांनी भाषण दिलं होतं. ते शशिकांत आज टँकरवाल्याला शनीची भीती घालत होते.

मर्वने बॉनेटवर टकटक केलं. "पण ही तर ग्लासची आहे."

"चासी लोखंडाची आहे," शशिकांत म्हणाले. "इंजिन आहे, ॲक्सल आहे. वरून फायबर असलं म्हणून शनी फसत नाही."

दुसऱ्या कोणी वाद घातला असता. पण मर्वसारखी माणसं दुसऱ्याच्या धर्माचं नाव निघालं की आधी टोपी काढतात. "नो वरीज," तो गंभीरपणे म्हणाला. "मग कधी येऊ?" अडचण अशी की त्याला सुट्टी फक्त शनिवारी. बाकीचे दिवस गाई दूध द्यायच्या थांबत नाहीत. "हरकत नाही," तो म्हणाला, "मला घाई नाही. तुझं तू विचारून घे."

कोणाला विचारायचं ते त्याने सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी तो फेजोआ नावाच्या हिरव्या फळांनी भरलेली पिशवी घेऊन आला आणि 'काही कळलं का वरून?' असं विचारून पोहे खायला बसला. त्याच्या पुढच्या शनिवारी बायकोने केलेला केक घेऊन आला. गाडीत जरा वेळ बसायचा, स्टिअरिंगवरून हात फिरवायचा, चहा प्यायचा आणि जायचा. शशिकांतांना तो आवडायला लागला होता, आणि म्हणूनच त्याच्या डोळ्याला डोळा देणं अवघड होत होतं.

अशी गोष्ट पामर्स्टन नॉर्थसारख्या गावात लपत नाही. ट्रेव्हरने ती दामल्यांना सांगितली. दामल्यांनी मंडळाला. आठल्ये शनिवार पाळतात म्हटल्यावर मंडळात केवढा आनंद झाला. वर्षानुवर्षं आरतीच्या वेळी बाहेर मोटारींपाशी उभा राहणारा माणूस अखेर ताळ्यावर आला. दामलेवहिनी मारुतीला वाहायला तेल कुठल्या दुकानात स्वस्त मिळतं ते सांगून गेल्या. शनिवारच्या उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही, यावर एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना भलामोठा मेसेज पाठवला. शशिकांतांनी सगळ्यांचे आभार मानले. दुसरा इलाजच नव्हता. आयुष्यभर जपलेली बुद्धिवादी अब्रू अशी पोह्यांपायी गेली.

आणि मग दामलेवहिनींनी अभिनंदन करायला मृदुलाला फोन केला.

त्या दिवशी मृदुलाचा फोन संध्याकाळी आला, नेहमीच्या वेळेच्या आधी. ती शनीबद्दल काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, ती गाडी अजून आहे ना?"

"आहे की."

"मग मी बघायला येऊ का?"

 इतके शनिवार शशिकांतांच्या तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं, "हो, हो, जरूर या. चहाची सोय आहे."

मृदुला शुक्रवारी बसने आली. दीड वर्षात ती थोडी बारीक झाली होती, केस कापले होते. घरभर फिरली. ओट्यावर ओळीने पालथे घातलेले कप बघितले, फ्रीजमधली कोथिंबिरीची जुडी बघितली, पोह्यांचं मोठं पाकीट बघितलं.  शनिवारी सकाळी, कोणी यायच्या आत, जाड जॅकेट घालून आणि डोक्याला ओढणी बांधून गॅरेजमध्ये आली.

"चला, एक चक्कर मारू. गिऱ्हाईक म्हणून आलेय."

डावं दार तिने पहिल्याच झटक्यात उघडलं. शेजारच्या सीटवर मर्व आणि लेव्हिनच्या थोरल्या भावाखेरीज कोणी बसलं नव्हतं. गाडी चालू झाली, ट्रेव्हरने कुंपणावरून अंगठा दाखवला, आणि ते दोघं बाहेर पडले.

या गाडीची एक गंमत जाहिरातीत लिहायची राहून गेली होती. तीत बसून हळू बोलता येत नाही. काय बोलायचं ते ओरडून बोलावं लागतं.

"तुम्ही शनिवार कधीपासून पाळायला लागलात?" मृदुला ओरडली.

"पाळत नाही!"

"मग त्या बिचाऱ्याला का अडवलंत?"

शशिकांतांनी गिअर बदलल्यासारखं केलं. गिअर ऑटोमॅटिक होता. मग त्यांनाही ओरडावंच लागलं. "लोक येतात गं! गाडी आहे तोवर येतात! गेली की कोण येणार?"

एवढं बोलून होईपर्यंत गावातल्या स्क्वेअरजवळचा, म्हणजे मुख्य चौकाजवळचा सिग्नल लाल झाला. गाडी थांबली, इंजिनाचा आवाज खाली आला, आणि ते शेवटचं वाक्य फुटपाथवर कुत्रा घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत गेलं. त्याला अर्थ कळायचा प्रश्न नव्हता, तरी तो दुसरीकडे बघायला लागला.

मृदुला समोर बघत होती. आता तिला ओरडावं लागत नव्हतं.

"मला माहितेय," ती म्हणाली. "तुम्ही लॅबला जायचात, सिद्धी शाळेत. मी दिवसभर त्याच घरात असायचे. ते धर्मप्रसारवाले दोघं यायचे, आठवतंय? पुस्तकं घेऊन. तुम्ही चिडायचात, कशाला घरात घेतेस म्हणून. मी त्यांना चहा द्यायचे, चकल्या द्यायचे. त्यांचा देव मला कळत नव्हता. पण ते बसायचे तासभर. एकदा तर मी म्हटलं, हो, मी विचार करतेय तुमच्या धर्मात यायचा, म्हणजे पुढच्या आठवड्यात परत येतील."

शशिकांतांनी तिच्याकडे बघितलं. हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी त्या वेळी हसण्यावारी नेलं असतं, हे त्यांना तिथल्या तिथे समजलं.  

"म्हणून परत आले नाही," मृदुला म्हणाली. "त्या घराची भीती वाटते मला. आणि तुम्ही तरी कुठे 'ये' म्हणालात."

"मला वाटलं, तुला तिकडे करमतंय. माणसांत आहेस."

"कसली माणसं. सकाळी सिद्धी ऑफिसला, जावई ऑफिसला, आरव डे-केअरला. मी जाते त्या शॉपिंग सेंटरात आणि बाकावर बसते. येणारी-जाणारी माणसं बघते. एक गुजराथी बाई येते अधूनमधून, ती आली नाही की दिवस जात नाही."

सिग्नल हिरवा झाला होता. शशिकांतांना तो दिसला, पण पाय ब्रेकवरून निघाला नाही. मागे एक यूट, म्हणजे उघड्या हौद्याची गाडी, आणि त्याच्यामागे आणखी गाड्या होत्या. इकडची माणसं भोंगा वाजवत नाहीत, वाट बघतात. त्यामुळे तो सबंध हिरवा सिग्नल आठल्ये नवरा-बायको पिवळ्या गाडीत नुसते बसून होते.

"मी येतो तिकडे," शशिकांत म्हणाले.

"घर एवढंसं आहे. टीव्हीवर दिवसभर कार्टून असतं."

"असू दे."

"दिवसभर दोघंच असू हं आपण. कोणी येणार नाही चहाला."

"तू असशील ना," शशिकांत म्हणाले.

सिग्नल पुन्हा लाल झाला. मृदुलाने ओढणी सोडून परत बांधली, जरा घट्ट. बांधताना तिने डोळेही पुसून घेतले, आणि वाऱ्याने पाणी येतंय म्हणाली. गाडी उभीच होती.

घरी आले तेव्हा मर्व पायरीवर बसला होता, शेजारी फेजोआची पिशवी. मृदुलाने त्याला पोहे करून घातले. शशिकांतांच्या पोह्यांचा लगदा होतो, असं तेव्हाच तिने त्याच्या देखत सांगितलं. खाऊन झाल्यावर शशिकांतांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. मर्व किल्लीकडे आणि मग मृदुलाकडे बघत राहिला. त्याच्या मते आठल्यांच्या घरातला धर्म बहुधा तिच्याकडे असावा.

"इट्स सॅटरडे," तो काळजीने म्हणाला.

"मी आहे ना जबाबदार," मृदुला म्हणाली. "तू ने."

तो गेला. गल्लीच्या टोकापर्यंत, मग मोठ्या रस्त्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे बराच वेळ तो आवाज येत राहिला. दोघं फाटकाशी उभे राहून ऐकत होते. आवाज बंद झाल्यावर गल्ली एकदम मोठी वाटायला लागली. शशिकांतांना अजून तिथेच थांबावंसं वाटत होतं, सवयीने, आणखी कोणी येतंय का बघायला.

"चला आत," मृदुला म्हणाली. "मला एकटीला नाही जायचं त्या घरात."

शशिकांतांनी फाटक लावलं आणि तिचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उघड्यावर, ट्रेव्हरच्या देखत, हात त्यांनी पहिल्यांदाच धरला होता.